गाळलेलं प्रकरण

आमचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवलात का, जेवलो. आईचा गुडघा कसा हाय, बरा आहे. पोरीचा फोन आलेला का, आलेला. मग दोन्हीकडं गप्प. त्यांच्याकडून भट्टीच्या पंख्याचा आवाज यायचा आणि माझ्याकडून कुकरच्या शिट्टीचा. शेवटी ते म्हणायचे, "बरं, ठेवू?" आणि मी म्हणायची, "ठेवा."

माझ्या नवऱ्याचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, असं ते काम. आमच्या विट्याच्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळं गावाकडं बंगले नवे आणि बऱ्याच बंगल्यांना कुलपं. लग्नानंतर अकरा वर्षं मीही तिकडंच होते, दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मुलगी पाचवीला आली तेव्हा तिच्या शाळेसाठी आम्ही दोघी परत विट्याला आलो. आता ती सांगलीला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांना कोइमतूरचे जिने चढवत नाहीत आणि त्यांना इथं एकटं ठेवणं मला जमत नाही. म्हणून मी इथं आणि ते तिथं.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी फोनवर जेवणखाण, गुडघा आणि पोरगी झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "काय करतीस?"

"वाचतेय."

"काय?"

आता हे सांगायचं कसं? माझं माहेर मिरजेचं, सतार आणि तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीला लागून. कॉलेज सांगलीला, मराठी घेऊन बी.ए. वाचायचा नाद लहानपणापासूनचा. ऐतिहासिक कादंबऱ्या मी आठवीपासून वाचत आले; पुढं मला इतिहासात अद्भुत मिसळलेल्या कादंबऱ्यांची गोडी लागली. ही गोडी मी कुणाला फारशी सांगत नसे. एकदा सांगलीच्या एका वाचनालयात एक गृहस्थ माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाले होते, "बाई, इतिहास वाचायचा तर इतिहास वाचा. हा पोरखेळ कशाला?" मला उत्तर सुचलं ते विट्याच्या एस.टी.त बसल्यावर. इतिहासाच्या पुस्तकात लढाई कोण जिंकलं ते कळतं. लढाईला गेलेल्याच्या घरी त्या दिवशी चुलीवर काय होतं, ते मला तिथं कधी सापडलं नाही. काही कादंबऱ्यांत सापडलं.

सगळ्याच चांगल्या असतात असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच टाकाऊ असतात. एक मंतरलेली तलवार, एक शाप, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न थकणारा नायक. घोडा तीन दिवस पळतो आणि त्याला कुणी पाणी दाखवत नाही, असं दिसलं की मी पुस्तक मिटते. जुन्या काळातली बाई हल्लीच्या मालिकेसारखी बोलायला लागली तरी मिटते. आणि जादू फुकटात मिळता कामा नये. जादू करणाऱ्याचं काहीतरी गेलं पाहिजे.

त्या दुपारी माझ्या हातात जी कादंबरी होती ती तीन भागांची होती. एका डोंगरी किल्ल्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असतं. एक शिलेदार तहानेनं व्याकूळ होऊन त्यातलं पाणी पितो, मान वर करतो, तर किल्ल्यावर दुसऱ्याच राजाचं निशाण. तो शंभर वर्षं मागं गेलेला असतो. परत पाणी प्यावं तर तो कुठल्याही काळात जाऊन पडतो, आणि प्रत्येक घोटाला त्याची एक आठवण पुसली जाते. पहिल्यांदा घोड्याचं नाव. मग गावाकडची वाट. किल्ल्याखालच्या वाडीत त्याची बायको त्याची वाट बघत असते.

मी त्यांना फोनवर पहिल्या प्रकरणाची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल, ऐकलंच नसेल. पण दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ना जेवण, ना गुडघा. म्हणाले, "त्या घोडेवाल्याचं काय झालं गं पुढं?"

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नव्हती. नववीतून शाळा सुटली आणि ते थेट मामाच्या दुकानात गेले. मग मी एक करायला लागले. दुपारी तीनच्या सुमाराला आत्या लवंडल्या की मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल घ्यायचे आणि मोबाईलवर एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून पाठवायचे. वीस-पंचवीस मिनिटांचं. त्यांचं उत्तर यायचं ते दोन शब्दांचं. "ऐकलं." "पुढचं पाठव." कधी नुसता अंगठा.

हळूहळू मत यायला लागलं. पहिल्या भागात एक किमयागार आहे, तांब्याचं सोनं करणारा. ते प्रकरण पाठवलं त्या दिवशी त्यांचा चक्क फोनच आला.

"आगं, ह्या लेखकानं मूस कवा बघितली न्हाई वाटतं."

"का हो?"

"मातीच्या गाडग्यात सोनं वितळवतोय त्यो! गाडगं तडकंल की. मूस लागतीय. आन् वितळलेलं सोनं काय पिवळं दिसतंय व्हय? लालबुंद दिसतंय, मग हिरवट झाक येती. थंड झाल्यावर पिवळं." मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ते म्हणाले, "आटपाडीवाला म्हनतोय, तांब्याचं सोनं झालं असतं तर आपुन हितं कशाला आलो असतो?"

तेव्हा मला कळलं की दुकानातले दोघं कामगारसुद्धा ऐकतात. फोन काउंटरवर ठेवून, स्पीकरवर. एक आटपाडीकडचा, एक खानापूरजवळचा. मी ओट्याजवळ बसून हळू आवाजात वाचते, आणि तिकडं तिघं गडी भट्टीपुढं ऐकत बसतात. त्या दिवसापासून मी जरा नीट, घसा खाकरून वाचायला लागले. शिलेदाराच्या तोंडचं वेगळ्या आवाजात, बायकोच्या तोंडचं वेगळ्या.

पहिला भाग संपला. दुसरा मी सांगलीहून मुलीकडून मागवला. त्यातलं चौदावं प्रकरण सगळंच्या सगळं त्या बायकोचं आहे.

ती बारा वर्षं वाट बघते. रोज संध्याकाळी किल्ल्याच्या वाटेकडं तोंड करून बसते. एक दिवस शेजारीण तिला विचारते, तुझा नवरा बोलायचा कसा गं, जाड आवाजात का बारीक? ती सांगायला तोंड उघडते, आणि तिला आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, हात आठवतात, मानेवरचा तीळ आठवतो, पण आवाज येत नाही. शिलेदाराच्या आठवणी टाक्याच्या पाण्यानं जात होत्या. हिनं तर ते पाणी कधी तोंडालासुद्धा लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती वाटेकडं पाठ करून बसते. आक्रोश नाही, रडारड नाही. ती नुसती बसायची जागा बदलते.

हे मी मोठ्यानं वाचत होते. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. रेकॉर्डिंग बंद केलं आणि मागं वळून बघितलं, तर दारात आत्या उभ्या. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे.

"खरं लिवलंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"मला बी आठवंना झालता. ह्याचा बा मद्रासला हुता तवा. चार-चार वरीस येत न्हवता. पत्र यायचं, पर पत्राला आवाज कुठला? एक दिस हिरीवर बायका इचारायला लागल्या, आन् मला त्येचा आवाजच आठवंना." त्या सावकाश खुर्चीवर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवला. "मग त्यो आला. दारातनं हाक मारली. मी वळखलंच न्हाई. म्हनलं कोन पावना हाय."

"मग?"

"मग काय? च्या केला."

आत्या एवढंच बोलून उठल्या. माझं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी मोबाईलकडं बघितलं. रेकॉर्डिंग तयार होतं, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. मी ते पुसून टाकलं. का, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. काउंटरवर ठेवलेल्या फोनमधून तीन गड्यांनी ते ऐकावं असं मला वाटेना. माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं असतं, तर ते माझंच बोलणं आहे हे त्यांना कळलं असतं, अशी भीती वाटली असावी. दुसऱ्या दिवशी मी पंधरावं प्रकरण पाठवलं. उत्तर आलं, "ऐकलं." कुणी काही विचारलं नाही.

चैत्रात गावची जत्रा असते. जत्रेला ते दहा दिवस आले. कुलपं लागलेले बंगले त्या दिवसांत उघडतात, गल्लीत देशभरातल्या नंबरांच्या गाड्या उभ्या राहतात आणि लहान पोरं एकमेकांत तमिळ, कन्नड, बंगाली बोलतात. दुसऱ्या भागाची शेवटची तीन प्रकरणं मी मुद्दाम राखून ठेवली होती, समोरासमोर बसून वाचू म्हणून. पहिल्या दुपारी मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले, आणि आवाजच फुटेना. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी दोन ओळी वाचायची आणि हसू यायचं. तेही हसायला लागले.

"असं न्हाई जमायचं," ते म्हणाले. "तू आत जा. तिकडनं पाठव फोनवर."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याजवळ बसून वाचलं आणि ते बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून ऐकत राहिले. मधे फक्त एक भिंत होती. मला आधी गंमत वाटली. भाजीला फोडणी देताना मग वाईट वाटायला लागलं.

त्यानंतर दोन-तीन दुपारी ते कुठं दिसेनात. मला वाटलं, पारावर गेले असतील. पुस्तक जागेवर नव्हतं तेही मी फारसं मनावर घेतलं नाही. जत्रा झाल्यावर आम्ही दोघं मोटारसायकलवरून औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना ते मधेच एका पायरीवर बसले. खाली सगळा माळ, उन्हानं पांढरा पडलेला, आणि लांब पठारावर पवनचक्क्या.

"मधलं एक प्रकरण तू पाठवलं न्हाईस," ते म्हणाले.

"कुठलं?"

"चौदावं. तवा वाटलं, तूच आकडा चुकलीस. तेरा झालं, पंधरा आलं. पर पुस्तकात हाय की ते."

"तुम्ही वाचलंत?"

"तीन दिस लागलं. जोडाक्षरं लय घालतोय गड्या." मग म्हणाले, "आईला इचारलं. ती म्हनली, तू वाचलं हुतंस. मग पुसून टाकलंस व्हय?"

मी पदरानं तोंड पुसलं. माणसं उतरत होती, चढत होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आमच्या शेजारून गेली.

"तुला माझा आवाज आठवतोय का गं?"

"आवं, असं काय विचारताय? चार दिवसांनी फोन असतो की तुमचा."

"तसं न्हाई. फोन ठेवल्यावर."

खोटं बोलायला माझी जीभ तयार होती, पण देवीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी म्हणाले, "फोन ठेवला की 'जेवलो' एवढंच ऐकू येतं. बाकी काही नाही."

त्यांच्या बोटांना भट्टीनं कायमचा एक करडा रंग आलेला आहे; त्या बोटांनी ते चपलेचा पट्टा काढत होते आणि घालत होते.

"आमी तिघं जन रोज तुझा आवाज ऐकतो," ते म्हणाले. "मला तुझा आवाज पाच मानसांत बी वळखू येईल. तुला माझा..."

मग मी जे कधी विचारत नाही ते विचारलं. "कायमचं कधी येणार?"

"अजून तीन-चार वरीस तरी."

मुलीला घेऊन मी परत आले तेव्हाही तीन-चारच म्हणाले होते. ते मी बोलून दाखवलं नाही. त्यांनाही आठवत असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

परत जायच्या दिवशी त्यांनी बॅगेत माझा तिसरा भाग घातला. मी तो अजून उघडलाही नव्हता.

"आवं, तो मला वाचायचाय."

"मी वाचून पाठवतो," ते म्हणाले. "आता माझी पाळी."

आठवडाभर काहीच आलं नाही. मग एका दुपारी मोबाईल वाजला. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. आधी भट्टीच्या पंख्याची घरघर, मग खाकरणं, मग त्यांचा आवाज. एकेक अक्षर लावत. "शि-ले-दा-रा-ने अश्वाला..." मग थांबले. "अश्व म्हंजी घोडाच न्हवं?" मागून आटपाडीवाल्याचा आवाज, "व्हय, घोडाच." मग पुन्हा वाचन. दीड पान. शेवटी तमिळमध्ये कुणीतरी हाक मारली आणि रेकॉर्डिंग तुटलं.

मी ते आत्यांना ऐकवलं. त्यांनी फोन कानाशी धरला, आवाज पुरता मोठा करायला लावला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "शाळंत मास्तर उभं करायचं तवा असाच वाचायचा. मी खिडकीतनं बघितलेलं." पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदाही.

तेव्हापासून हे चालू आहे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कधी तीन पानं, कधी एक. पाचशे पानांची कादंबरी मी तीन दिवसांत संपवणारी बाई. आता अर्ध्या प्रसंगावर आठ-आठ दिवस बसून असते. त्यांच्या वाचण्यात शिलेदाराचा आवाज आणि बायकोचा आवाज एकच असतो, स्वल्पविराम नसतात, आणि जिथं लेखकाचं पटत नाही तिथं ते वाचता वाचता लेखकाशी भांडतात. नदी उतरायच्या प्रसंगात म्हणाले, "एवढ्या पुरात कोन घोडं घालंल? हा मानूस कधी कृष्णेवर आलेला न्हाई." मलाही ते वर्णन तकलादू वाटलं. पण तुकड्यातुकड्यांनी ऐकल्यावर एक कळलं. घाईनं वाचताना मला जी वाक्यं नुसती भरतीची वाटली असती, ती मी आता चार-चार दिवस मनात घोळवते. एक वाक्य आहे, शिलेदार दुसऱ्याच काळातल्या एका घरात भाकरी खातो आणि त्या बाईला सांगतो, मीठ माझ्या घरच्यासारखं आहे. एवढंच वाक्य. पुढं रेकॉर्डिंग संपलं होतं. भाकरी थापताना मी पूर्ण आठवडा त्या मिठाचा विचार केला.

दिवाळीत मुलगी आली तेव्हा तिला हा प्रकार कळला. ती म्हणाली, "आई, याचं ऑडिओबुक आहे. एका चांगल्या नटानं वाचलंय. तुला लावून देऊ? दोन दिवसांत संपेल."

"नको," मी म्हणाले.

"अगं, बाबांचं हे असं संपायला दोन वर्षं लागतील."

"लागू देत."

तिनं माझ्याकडं जरा चमत्कारिक बघितलं. तिला काय सांगणार? मला त्या शिलेदाराचं पुढं काय झालं हे कळायचंच आहे, खूप कळायचं आहे. लेखकानं शेवटी नवरा-बायकोची गाठ घातली असेल, तर ती कशी, कुठल्या जादूनं, आणि त्याबद्दल कुणाचं काय गेलं, हेही बघायचं आहे. गाठ फुकटात घातली असेल तर मी त्या लेखकाला माफ करणार नाही, असं मी फोनवर सांगूनही ठेवलं आहे. त्यावर ते म्हणाले, "घातली तर घातली. फुकट तर फुकट. घालू दे की बापड्याला."

यावर आमचं फोनवर चांगलं पंधरा मिनिटं भांडण झालं. एवढा मोठा फोन आमचा आधी कधी झाला नव्हता. फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मुद्दाम आठवून बघितलं. 'बापड्याला' हा शब्द आला, अगदी त्यांच्या सुरात, शेवटचं अक्षर लांबवलेलं. मग बाकीचंही थोडं थोडं यायला लागलं.

सध्या ते पान एकशे बारावर आहेत. शिलेदार एका घाटाच्या पायथ्याशी आलाय, वर दिवा दिसतोय, आणि तो दिवा कुणाचा ते वाचायच्या आत गिऱ्हाईक आलं. आज सहावा दिवस. लग्नसराई आहे, दुकानात गर्दी असणार. आत्यांनी सकाळी दोनदा विचारलं, "आलं का गं त्येचं काय?" मी म्हणाले, "नाही अजून." दुपारी तीन वाजले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात येऊन बसतो. त्या लसूण सोलतात, मी मोबाईल चार्जिंगला लावून ओट्यावर ठेवते.